ऑफिसातल्या दोन पुरुषांची प्रेमकथा: जपानी ‘रीमान’ मांगा पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

मला या पुस्तकांची वाट ‘चेरी मॅजिक’ या जपानी मालिकेमुळे सापडली. एका मित्राने नाव सुचवलं आणि सोबत एवढंच लिहिलं, ‘बघ, तुझ्यासारखाच रोज ऑफिसला जाणारा आहे.’ बारा भाग मी दोन रात्रींत संपवले. मी स्वतः पुरुषावर प्रेम करणारा, डबा घेऊन आठ-चाळीसची लोकल पकडणारा माणूस. तोवर पाहिलेल्या अशा बहुतेक प्रेमकथा शाळा-कॉलेजातल्या होत्या, नाहीतर कोणाच्या तरी मरणावर संपणाऱ्या. इथे दोन पगारदार माणसं होती, त्यांच्यासमोर एक्सेल उघडलेलं होतं आणि दोघांपैकी एकाच्या छातीत धडधडत होतं.

मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायचा ठरवला आणि पुढचे तीन महिने मी नुसता गोंधळात काढले. तो गोंधळ तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून पायरीपायरीने लिहितो आहे.

१. आधी हा प्रकार नेमका काय आहे ते समजून घ्या

पुरुषांमधल्या प्रेमाच्या जपानी मांगाला ‘बॉईज लव्ह’, थोडक्यात बीएल म्हणतात. नावात ‘बॉईज’ असलं तरी माणसं कोणत्याही वयाची असू शकतात. या परंपरेचं मूळ १९७०च्या दशकात मुलींसाठी निघणाऱ्या मांगात आहे. १९७८ साली ‘ज्युने’ (June) नावाचं नियतकालिक सुरू झालं आणि ‘बॉईज लव्ह’ हे नाव रूढ झालं ते १९९०च्या दशकात. लिहिणाऱ्या बहुतांशी स्त्रिया आणि वाचणाऱ्याही बहुतांशी स्त्रियाच. ही गोष्ट लक्षात ठेवा, आठव्या पायरीवर ती पुन्हा येणार आहे.

यातल्या ऑफिसकथांना जपानीत ‘रीमान’ म्हणतात. ‘सॅलरीमॅन’चं शेपूट. दुकानाच्या साइटवर ‘सॅलरीमॅन’, ‘ऑफिस’, ‘वर्कप्लेस’ असे शब्द टाकून शोधलंत तरी याच पुस्तकांपर्यंत पोचाल.

वर्णनात ‘सेमे’ आणि ‘उके’ हे शब्द भेटतील. पुढाकार घेणारा तो सेमे, स्वीकारणारा तो उके. दोन नावांच्या मध्ये गुणाकाराची फुली असेल तर पहिलं नाव सेमेचं. चांगल्या ऑफिसकथांत ही विभागणी सैल असते, त्यामुळे शब्द माहीत असू द्या, पण त्यावरून पुस्तक निवडू नका.

२. तयारी: काय काय लागेल

फार काही नाही:

– मोठ्या पडद्याचा फोन, शक्य असेल तर टॅब. मांगाच्या पानावर बारीक अक्षरं असतात आणि लहान पडद्यावर डोळे दुखतात.
– ई-पुस्तकांच्या दुकानात खातं. किंडलचं भारतीय दुकान रुपयांत चालतं, जपानी ‘बुकवॉकर’चा इंग्रजी विभागही आहे.
– परदेशी दुकानातून घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं कार्ड.
– वयाची १८ वर्षं पूर्ण. यातली बरीच पुस्तकं प्रौढांसाठीच असतात आणि तसं त्यांच्यावर छापलेलं असतं.
– कामचलाऊ इंग्रजी. यातलं जवळजवळ सगळं आपल्यापर्यंत इंग्रजीतूनच येतं. वाक्यं छोटी असतात, शब्दकोश क्वचितच लागतो.

कार्डाचं आधी बघून घ्या. आपल्याकडे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंदच असतात आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. माझं कार्ड चार वेळा नाकारलं गेलं. मी दुकानाच्या नावाने खडे फोडत होतो आणि बटण माझ्याच फोनमध्ये बंद होतं. खरेदी झाली की ते पुन्हा बंद करून टाका.

३. कोणत्या पुस्तकाने सुरुवात करायची

माझं मत सरळ आहे: ‘चेरी मॅजिक’. यू तोयोता यांचा हा मांगा २०१८मध्ये इंटरनेटवर सुरू झाला, मग स्क्वेअर एनिक्सने तो पुस्तकरूपात काढला. इंग्रजी आवृत्तीही त्यांचीच. मूळ जपानी नाव लांबलचक आहे. त्याचा अर्थ साधारण असा, की तिशीपर्यंत ब्रह्मचारी राहिलं तर म्हणे जादूगार होता येतं. जपानी इंटरनेटवरचा हा जुना विनोद तोयोतांनी खरा मानला आणि त्यावर कथा उभी केली. आदाची नावाच्या बुजऱ्या कारकुनाला तिसाव्या वाढदिवशी स्पर्शातून दुसऱ्याच्या मनातलं ऐकू यायला लागतं. आणि ज्याच्यावर सगळं ऑफिस जीव टाकतं तो कुरोसावा, आदाचीच्याच वर्षी नोकरीला लागलेला, मनातल्या मनात फक्त आदाचीबद्दलच बोलत असतो.

मालिकेतला लिफ्टचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन. लिफ्ट खचाखच भरलेली, आदाची कोपऱ्यात चेपलेला. अंगाला अंग लागतं तसे चारी बाजूंनी विचार ऐकू येतात आणि त्यांत एक आवाज आदाचीबद्दल मायेने बोलतो आहे. कोण असेल म्हणून तो शोधतो, तर मागे कुरोसावा, चेहरा निर्विकार. सहा-सव्वासहाच्या डोंबिवली लोकलमध्ये उभं राहिलेल्या माणसाला त्या गर्दीतला स्पर्श वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सुरुवातीला हेच का, तर कथा सौम्य आहे. जबरदस्ती नाही. आणि दोघे समान पायरीवरचे आहेत, कोणी कोणाचा साहेब नाही.

दुसरं पुस्तक ‘ओल्ड फॅशन्ड कपकेक’, लेखक सागान सागान. नोझुए ३९ वर्षांचा, बढती नको म्हणणारा, आयुष्याला शिळेपण आलेला. तोगावा त्याच्या हाताखालचा, २९ वर्षांचा. साहेबाला पुन्हा ताजं करण्यासाठी तो त्याला बायकांची गर्दी असलेल्या पॅनकेकच्या दुकानात रांगेत उभं करतो. एका खंडात गोष्ट पुरी होते, पुढचा भाग वेगळा आहे. ज्याला चाळिशी दिसायला लागली आहे त्याने कदाचित याच पुस्तकाने सुरुवात करावी.

४. खरेदी, आणि तिथले खड्डे

पहिला खड्डा चोरीच्या साइट्सचा. नाव शोधलं की सगळ्यात वर त्याच दिसतात. मीही सुरुवातीला एक प्रकरण तिथे वाचलं. अनुवाद इतका वाईट होता की कोण कोणावर चिडलं आहे तेच कळेना आणि मध्येच अंगावर येणाऱ्या जाहिराती. पण खरं कारण वेगळं आहे. या प्रकारातले लेखक फार मोठे नसतात आणि एखादी मालिका पुढे अनुवादित होणार की नाही हे आधीच्या खंडांच्या विक्रीवरच ठरतं. तुम्हाला तिसरा खंड हवा असेल तर पहिला विकत घ्यावा लागतो.

दुसरा खड्डा आवृत्तीचा. मुखपृष्ठ सगळ्या भाषांत जवळपास सारखंच असतं. मी एकदा छापील खंड मागवला, तीन आठवडे वाट पाहिली आणि आला तो जर्मन. तपशिलात भाषा लिहिलेली होती, मी वाचली नव्हती. भाषा, खंड क्रमांक आणि छापील की ई-पुस्तक, या तीन गोष्टी पैसे भरण्याआधी बघाच.

तिसरी गोष्ट, छापील खंड महाग पडतात आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांतही मांगाच्या कपाटात लढायांचेच खंड जास्त. मागणी नोंदवून मागवता येतात. मी मात्र पहिला खंड नेहमी ई-पुस्तकात घेतो आणि आवडला तरच छापील. ई-पुस्तकाचा नमुना फुकट उघडता येतो, त्यातल्या दहा-पंधरा पानांवरून चित्रांची जात कळते.

घरी एकत्र कुटुंबात राहत असाल तर एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. बऱ्याच घरांत किंडलचं खातं एकच असतं आणि घेतलेलं पुस्तक घरातल्या सगळ्यांच्या फोनवर दिसतं. आपलं खातं वेगळं काढा. कधी कोणाला सांगायचं ते तुम्ही ठरवायचं, पडद्यावर आलेल्या मुखपृष्ठाने नाही.

५. पान उजवीकडून

पुस्तक आपल्याला जे मागचं वाटतं तिथून उघडायचं. पानावर उजव्या वरच्या चौकटीपासून डावीकडे, मग खालची ओळ, तीही उजवीकडून डावीकडे. चौकटीच्या आतले संवादाचे फुगेसुद्धा याच क्रमाने. मी पहिली वीस पानं उलटी वाचली आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर असं सगळं झालं. दोन प्रकरणांनंतर डोळ्यांना सवय होते.

शेपूट असलेल्या फुग्यातलं वाक्य बोललेलं असतं. फुग्याबाहेर मोकळं लिहिलेलं बहुधा मनातलं. चौकटींमधली पांढरी जागा काळी झाली की आठवण सुरू झाली असं समजा. ऑफिसकथेत हा फरक फार महत्त्वाचा, कारण माणूस तोंडाने ‘रिपोर्ट पाठवतो’ म्हणतो आणि मनात भलतंच बोलत असतो.

ध्वनिशब्द बऱ्याचदा चित्रातच जपानीत राहतात आणि शेजारी बारीक अर्थ असतो. ‘दोकी दोकी’ म्हणजे आपली धडधड. ‘शिइइन’ म्हणजे शांततेचा आवाज. धडधड, कुजबुज, चुळबुळ, लगबग अशा शब्दांवर वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही.

६. आडनाव, ‘सान’ आणि आपलं अहो-जाहो

ही पायरी घाईने ओलांडू नका. या कथांत फार काही घडत नाही. कोणी विमानतळावर धावत जात नाही. जे घडतं ते दोन माणसांमधलं अंतर बोटभर कमी होण्यात, आणि ते अंतर भाषेत मोजलेलं असतं.

जपानी ऑफिसात सगळे एकमेकांना आडनावाने हाक मारतात. आडनावापुढे ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’ किंवा ‘जी’. आधी लागलेला तो ‘सेम्पाई’, नंतरचा ‘कोहाई’, एकाच वर्षी लागलेले ते ‘दोकी’. काचो म्हणजे विभागातला साहेब, बुचो त्याच्या वरचा, आणि बऱ्याचदा नावाऐवजी नुसतं पदच हाक म्हणून वापरतात. आपल्याकडे ‘साहेब’ म्हणतात तसंच.

हे आपल्याला नवीन नाही. आपल्या ऑफिसातही ‘काय पाटील, चहा?’ असंच चालतं. वीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचं पहिलं नाव लग्नाच्या पत्रिकेवरच वाचायला मिळतं. म्हणून आदाची आणि कुरोसावा जवळ आल्यावरही एकमेकांना आडनावानेच हाका मारतात, तेव्हा मराठी वाचकाला तो कोरडेपणा वाटायचं कारण नाही. आणि ज्या कथेत कोणी पहिल्यांदा नावाने हाक मारतो, तिथे लेखक अख्खं पान रिकामं सोडतो. ते पान उलटायची घाई करू नका.

दुसरी गोष्ट आदराची. जपानीत क्रियापदाचं शेपूट बदललं की आदर येतो किंवा जातो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळे अनुवादात हा बदल निम्मा बुडतो. अनुवादक बिचारे वाक्य सैल करून, शब्द गाळून तो दाखवायचा प्रयत्न करतात. आपल्याकडे मात्र त्याला नेमकी जागा आहे. मी वाचताना संवाद मनात मराठीत करतो. ‘तुम्ही जेवलात का?’ आणि ‘जेवलास?’ यांच्या मधे जे आहे तीच या पुस्तकांची कथा. तोगावा नोझुएला शेवटपर्यंत ‘नोझुए-सान’ म्हणतो. इंग्रजीत तो साहेबाचा मान वाटतो. पण आईने बाबांना जन्मभर ‘अहो’ म्हटलेलं ज्याने ऐकलं आहे, त्याला त्या ‘सान’मध्ये मानाखेरीज आणखी काय मावतं ते माहीत असतं.

असं करून बघा: एखादं प्रकरण वाचताना कोण कोणाला काय म्हणतो ते पेन्सिलने टिपा. कुठे ‘सान’ गळलं, कुठे एखादं वाक्य अर्धवट सोडलं. दुसऱ्या वाचनात हेच टप्पे कथेचे सांधे निघतात.

कबुलीचं वाक्यही ठरलेलं असतं. ‘सुकी देसु’, मला तुम्ही आवडता. त्यामागून ‘त्सुकिआत्ते कुदासाई’, माझ्याशी नातं जोडा. जपानी कथेत नातं सुरू होतं ते या बोललेल्या वाक्यापासून. त्याआधी दोघे दहा वेळा एकत्र जेवले तरी ते सहकारीच. आपल्याला वाटतं, आता समजून नाही का घेत? नाही घेत. बोलावं लागतं.

७. ऑफिसची दिनचर्या वाचायला शिका

काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येकीचं कथेत काम ठरलेलं असतं.

‘झांग्यो’ म्हणजे ऑफिस सुटल्यावरचं काम. मजल्यावरचे दिवे अर्धे विझलेले, दोनच टेबलं उजेडात, कोणीतरी यंत्रातून गरम कॉफीचा डबा काढून दुसऱ्याच्या कीबोर्डशेजारी ठेवतो. डबा ठेवणारी बोटं मोठी काढलेली असतील तर समजा, ठेवणारा बराच वेळ यंत्रासमोर उभा राहून कोणती घ्यावी याचा विचार करत होता.

‘नोमिकाई’ म्हणजे सगळ्या विभागाचं पिणं. तिथे वरच्याला नाही म्हणणं अवघड असतं आणि दारूच्या भरात खरं बोललं जातं. मग ‘शूदेन’, शेवटची गाडी. तोक्योत ती मध्यरात्रीच्या आसपास सुटते आणि ती चुकली की कोणाच्या तरी घरी मुक्काम. आपल्याकडे शेवटची कर्जत गेली की जे होतं तेच.

आणि बदली. जपानी कंपन्यांत नवी माणसं एप्रिलमध्ये लागतात, वसंतात बदल्यांचे हुकूम निघतात आणि हुकूम आला की दूरच्या शहरात जावं लागतं. पश्चिमी वाचक विचारतात, नोकरी सोडत का नाहीत? ज्याचे वडील एसटीत, बँकेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत होते तो असं विचारणार नाही. कथेत चेरी फुललेली दिसली की सावध व्हा, हुकूम जवळ आला आहे.

संध्याकाळी निघताना म्हणायचं ‘ओत्सुकारेसामा’ इंग्रजीत ‘गुड वर्क’ होऊन येतं आणि विचित्र वाटतं. त्याचा भाव ‘दमलात आज, चला, येतो’ इतका घरगुती आहे.

८. काय खुपेल, आणि कुठे पुस्तक मिटायचं

सगळी पुस्तकं ‘चेरी मॅजिक’सारखी नसतात. जुन्या ऑफिसकथांत साहेब हाताखालच्यावर जबरदस्ती करतो आणि पुढे तेच प्रेम म्हणून दाखवलं जातं. असं पान आलं तर ‘जपानमध्ये असंच असतं’ म्हणून गिळू नका. जपानी वाचकही यावर वर्षानुवर्षं बोलत आले आहेत आणि नव्या लेखकांनी संमतीचा प्रश्न कथेच्या मध्यभागी आणला आहे. विकत घेण्याआधी वर्णनातल्या सूचना आणि वाचकांचे अभिप्राय वाचा. ‘ओमेगाव्हर्स’ असं लिहिलेलं दिसलं तर ते वेगळंच कल्पित विश्व आहे, त्याचे नियम वेगळे. पहिल्या फेरीत नको.

दुसरी सावधगिरी माझ्यासारख्यांसाठी. पहिल्या पायरीवर सांगितलं तसं हे बहुतांशी स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेलं आहे. हा समलिंगी पुरुषांच्या आयुष्याचा दस्तऐवज नव्हे, ही प्रणयकथा आहे. ‘मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तूच आवडतोस’ असं वाक्य अनेक पुस्तकांत येतं आणि पहिल्यांदा वाचताना ते मला टोचलं होतं. जपानमध्ये समलिंगी विवाहाचा देशव्यापी कायदा नाही. तोक्योतल्या शिबुया आणि सेतागाया या प्रभागांनी २०१५मध्ये जोडप्यांना प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली, ती विवाहाच्या बरोबरीची नाहीत. ही पार्श्वभूमी माहीत असली की पात्रं ऑफिसात का लपवतात, घरच्यांना सांगताना हात का थरथरतो, ते कळतं. आपल्याकडे ३७७ कलमाचा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ला, म्हणजे आदाची आणि कुरोसावा पहिल्यांदा कागदावर उतरले त्याच वर्षी. मला ही दोन्ही सालं एकत्र आठवतात.

९. मालिका आधी की पुस्तक आधी

‘चेरी मॅजिक’ची ‘टीव्ही तोक्यो’ वाहिनीवरची मालिका ऑक्टोबर २०२० ते डिसेंबर २०२०, आदाची झाला एइजी आकासो, कुरोसावा केइता माचिदा. चित्रपट २०२२मध्ये, अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) जानेवारी २०२४पासून. ‘ओल्ड फॅशन्ड कपकेक’वरही २०२२मध्ये पाच भागांची मालिका आली. मी म्हणेन, आधी मालिका पाहा. चेहरे आणि आवाज ओळखीचे झाले की उजवीकडून वाचणं सोपं जातं. मात्र मालिकेचा शेवट आणि मांगाचा प्रवास सारखा नाही. मालिका संपली म्हणून खंड सोडू नका.

१०. पुढे काय

दोन-तीन ऑफिसकथा झाल्या की फुमी योशिनागा यांचा ‘व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?’ घ्या. ही सहकाऱ्यांची कथा नाही. एक वकील, एक केशकर्तनकार, वर्षानुवर्षं एकत्र राहणारे. २००७पासून ही मालिका ‘मॉर्निंग’ या मुख्यतः पुरुष वाचकांच्या साप्ताहिकात येते आहे आणि पात्रं वाचकांबरोबर म्हातारी होत आहेत. वकील शिरो ऑफिसात काही सांगत नाही. वेळेवर निघतो, बाजारात स्वस्त भाजी बघतो, घरी येऊन रांधतो. पाककृती प्रमाणासकट दिलेल्या असतात.

हा मांगा वाचायला घेताना सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोड दारू) आणि दाशी (सूपाचा जपानी अर्क) आणून ठेवा. मिरिन सापडली नाही तर थोडी साखर आणि पाणी घालून भागतं. मी पहिल्यांदा त्यातलं डुकराचं मांस वगळून नुसत्या कोबीची भाजी केली होती. ज्याच्यासाठी केली त्याने डबा रिकामा परत आणला आणि झाकणावर चिठ्ठी होती, ‘मीठ थोडं कमी, बाकी उद्या पुन्हा.’